उंदराला घाई कळते

पालीच्या कोळीवाड्यातून येणाऱ्या माणसाच्या हाताला मासळीचा वास असणार, असं आमच्या लॅबमधल्या सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पास्कल अंकलच्या हातांना कसलाच वास नसायचा. त्यांच्या अंगणात बोंबील वाळत असत, बायको रोज सकाळी पाटी घेऊन बाजारात बसत असे, आणि हा माणूस पहाटे बिनवासाच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन, स्कूटरला किक मारून आमच्याकडे यायला निघायचा. लॅबमध्ये शिरताना आम्हा सगळ्यांनाच पुन्हा आंघोळ करावी लागे, निर्जंतुक कपडे चढवावे लागत. तरी ते घरी धुऊनच यायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "उंदराच्या नाकात आपण आधी शिरतो, बाय. हात मागनं शिरतो."

गेल्या वर्षी ते गेले. मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही लॅबमधल्या जुन्या मैत्रिणीनं दुसऱ्याच कामासाठी फोन केला होता म्हणून. "अगं, पास्कल अंकल गेले, तुला माहीत असेल ना?" ती म्हणाली. मी हो म्हटलं. का म्हटलं ते सांगता येणार नाही. कदाचित मला माहीत असायला हवं होतं म्हणून.

आमची लॅब काशीगावच्या पुढे, हायवेपासून आत वळणाऱ्या एका गल्लीत होती. बाहेरून बघणाऱ्याला ते गोदाम वाटायचं. औषधं बनवणाऱ्या कंपन्या आपली नवी औषधं बाजारात आणण्याआधी आमच्याकडे पाठवत, आणि ती वर्षानुवर्षं घेतली तर माणसाला कॅन्सर होण्याचा धोका आहे का, हे आम्ही उंदरांवर तपासत असू. साध्या उंदरांवर हे करायचं तर दोन वर्षं लागतात. म्हणून माणसाचं एक जनुक घातलेले, खास पैदास केलेले उंदीर येत. त्यांच्या अंगात कॅन्सरची वाट आधीच थोडी मोकळी करून ठेवलेली असते. औषधात खोट असेल तर सहा महिन्यांत गाठी दिसतात. आम्ही त्यांना 'बदललेले' म्हणायचो आणि बाकीच्यांना 'साधे'. दिसायला दोन्ही सारखेच, एका आईच्या पोटचेच. फरक कळायचा तो शेपटीचा टिचभर तुकडा तपासल्यावर.

मी इंद्रलोक वसाहतीतल्या घरून रिक्षानं जायची. एम.एस्सी. होऊन नुकतीच लागले होते, आणि उंदीर हातात धरायची मला भीती वाटत होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पास्कल अंकलना पहिल्याच दिवशी कळलं. उंदीर मला चावला होता. हातमोज्याच्या आत बोटातून रक्त येत होतं आणि मी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं उभी होते. त्यांनी माझ्या हातातून तो उंदीर काढून घेतला, पिंजऱ्यात ठेवला आणि म्हणाले, "त्याची चूक न्हाय. उंदराला घाई कळते."

मग त्यांनी दाखवलं. आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे. पिंजऱ्याचं झाकण काढल्यावर लगेच हात घालायचा नाही, दोन श्वास थांबायचं. मग शेपटीच्या मुळाशी धरून जाळीवर ठेवायचं, तो पुढे ओढ घेतो तेवढ्यात मानेमागची कातडी चिमटीत घ्यायची. त्यांच्या हातात उंदीर इतका निवांत पडायचा की औषधाची नळी तोंडातून पोटापर्यंत कधी गेली आणि बाहेर आली हे त्याला कळलंय की नाही अशी शंका यावी. तेवीस वर्षं ते हे करत होते. शिक्षण दहावीपर्यंत. कागदावर त्यांचा हुद्दा होता 'सहायक'. पण नवा कुणी डॉक्टर, शास्त्रज्ञ लागला की त्याला पहिले पंधरा दिवस त्यांच्याकडेच पाठवत.

उंदरांना ते कधी नाव द्यायचे नाहीत. आमच्यातली एक मुलगी एका उंदराला चिंगी म्हणायला लागली, तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेऊन समजावलं की असं करू नकोस, सहा महिन्यांनी तुलाच त्रास होईल. नंबरनंच बोलायचे, पण ते नंबर असे उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं गावातल्या कुणाची तरी चौकशी चाललीय. "एकशेचौदा आज खात न्हाय." "अडुसष्टच्या डाव्या काखेत काहीतरी हाय." आणि असायचं. मुगाच्या डाळीएवढी गाठ त्यांच्या बोटाला लागायची. आम्हाला ती पुढच्या आठवड्यात सापडायची.

लिहिण्याबद्दल त्यांचा एक नियम होता, आणि तो सगळ्या नव्या माणसांना पहिल्या दिवशी ऐकायला मिळायचा. "हाताला लागलं ते लिहायचं. डोक्यात आलं ते साहेबाला सांगायचं. डोक्यातलं कागदावर न्हाय लिहायचं." म्हणजे आपण पाहिलेलं, मोजलेलं तेवढं नोंदवायचं, त्याचा अर्थ लावणं हे शिकलेल्या लोकांचं काम. हा नियम मला तेव्हा फार आवडला होता.

एकदा बाहेरून तपासणीला बाई आल्या होत्या. कडक. प्रत्येक पान उलटून बघत होत्या. खोलीच्या तापमानाच्या वहीत एका दिवशी दुपारच्या रकान्यात आकडा नव्हता. तिथे पास्कल अंकलनी मराठीत लिहिलं होतं, 'बघायला विसरलो', आणि खाली सही. आमच्या लॅबच्या प्रमुख सरांचा चेहरा पडला. दुसऱ्या कुणी असतं तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्याकडे बघून मधला भरून टाकला असता. आत बारा महिने एकच तापमान असतं, कुणाला कळणारही नव्हतं. त्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "यह क्या लिखा है?"

"भूल गया, वो लिखा है," अंकल म्हणाले.

"भूल कैसे गए?"

"वो याद रहता तो भूलता कैसे, मॅडम."

बाईंनी ती वही मिटली. जाताना सरांना म्हणाल्या की या वहीतल्या बाकीच्या आकड्यांवर आता माझा विश्वास बसलाय. सरांनी ही गोष्ट पुढे कितीतरी पाहुण्यांना सांगितली. प्रत्येक वेळी पास्कल अंकलच्या पाठीवर थाप मारून.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती त्यांच्या गावच्या सणाला. पालीतल्या त्या अरुंद गल्ल्या, एक स्कूटर आली की माणसांनी भिंतीला टेकायचं. त्यांच्या बायकोनं, रिटा काकींनी, मला बसवून इतकं खायला घातलं की मला बोलता येईना. "ह्यो घरात कामाचं कायपण बोलत न्हाय," त्या म्हणाल्या. "गावात ह्याला उंदरावाला म्हणतात. मी सांगते, दवाईच्या कंपनीत हाय."

शेजारची एक म्हातारी तेवढ्यात आली. तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती. सांधेदुखीच्या गोळ्या. कुणीतरी तिला सांगितलं होतं की याने कॅन्सर होतो. ती पट्टी घेऊन ती तीन दिवस पास्कलच्या सुट्टीची वाट बघत होती.

अंकलनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट बघितली. मग तिला म्हणाले की ही गोळी मी तपासलेली नाही, तेव्हा मला ठाऊक नाही, डॉक्टरला विचार. म्हातारी नाराज झाली. "मग तू थयं कंपनीत करतोस काय रोज?"

तेव्हा त्यांनी तिला समजावलं, आणि मी आजवर कुणालाही हा विषय इतका सोपा करून सांगताना ऐकलेलं नाही. ते म्हणाले, "जाळं धड असलं तर ते कधी फाटंल, ठावं न्हाय. दोन वर्षं बघत बसाया लागंल. म्हणून आम्ही काय करतो, जाळ्याची एक गाठ आधीच सैल करून ठेवतो. मग त्याच्यात माल टाकतो. मालानं ओढ घेतली का ते तिथनंच फाटतं, लवकर फाटतं. न्हाय फाटलं तर मग माल बरा हाय."

"आणि जाळ्याचं काय होतं?" म्हातारीनं विचारलं.

अंकलनी पट्टी तिला परत दिली. "जाळं जातं," ते म्हणाले.

रात्रीचं जेवण झाल्यावर मला रिक्षापर्यंत सोडायला येताना ते आपणहून बोलले. फार वर्षांपूर्वी त्यांनी चर्चमध्ये फादरना विचारलं होतं की हे काम पापाचं आहे का. फादरनी उलट विचारलं होतं, तुला काय वाटतं? "मी सांगितलं, उंदीर मरतो, पण काहीतरी सांगून मरतो. ते सांगणं आम्ही नीट ऐकलं, नीट लिहिलं, तर पाप कमी होत असंल." फादर त्यावर काय म्हणाले, असं मी विचारलं. "काय न्हाय म्हणाले. मान हलवली. हो की न्हाय, ते समजलं न्हाय."

तिसऱ्या वर्षी मला पहिली स्टडी मिळाली. म्हणजे एका औषधाची सहा महिन्यांची पूर्ण तपासणी माझ्या नावावर. घरी आईनं देवापुढे पेढे ठेवले. आमच्या सरांनी सांगितलं की ही कंपनी मोठी आहे, वेळेत झालं पाहिजे, एक दिवससुद्धा इकडेतिकडे नको.

स्टडी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नव्या आलेल्या उंदरांमधल्या सहा माद्या अशक्त निघाल्या. आमच्या पशुवैद्यानं त्या बाद केल्या. राखीव खोलीत जास्तीचे उंदीर असत, त्यांतून सहा घ्यायच्या होत्या. त्या खोलीत तेव्हा दोन्ही प्रकारचे होते, कारण औषधाचा डोस किती ठेवायचा हे ठरवायला आधी आम्ही साध्या उंदरांवर छोटी चाचणी केली होती, आणि त्यातले उरलेले तिथेच होते. माझ्या यादीप्रमाणे बदललेल्या माद्या मधल्या ओळीत होत्या. यादी एक आठवडा जुनी होती. मधे खोली साफ करताना ओळी बदलल्या होत्या, आणि ते दारावरच्या कागदावर लिहिलेलंही होतं. मी तो वाचला नाही. मला चार वाजता सरांना 'सगळं तयार' असं सांगायचं होतं. मधल्या ओळीतल्या सहा पिंजऱ्यांवरची जुनी कार्डं मी न वाचता काढली, नव्या स्टडीची लावली आणि पास्कल अंकलना म्हटलं, "हे सहा घ्या."

"हेच ना?" त्यांनी विचारलं.

"हो, मी तपासलंय."

ते पिंजरे त्यांनी उचलून आणले. वहीत 'आणणारा' या रकान्यात त्यांनी सही केली. 'तपासणारा' या रकान्यात मी.

त्या सहाही माद्या एकाच गटात गेल्या. प्रत्येक स्टडीत एक गट असा असतो, ज्याला नवं औषध देतच नाहीत. ज्यानं कॅन्सर होतो हे आधीच माहीत आहे, ते रसायन त्याला मुद्दाम देतात. त्या गटात गाठी आल्या तरच म्हणता येतं की आपले उंदीर विश्वासाचे आहेत, आणि मग नव्या औषधाच्या गटात गाठी न आल्या तर ते औषध सुरक्षित. त्या गटात गाठी आल्या नाहीत, तर बाकी सगळ्या गटांचं सांगणंही फुकट.

तिसऱ्या आठवड्यात वजनं झाल्यावर पास्कल अंकल माझ्या टेबलापाशी आले. टेबलापाशी ते सहसा येत नसत.

"बाय, त्या सहा आपल्या न्हायत वाटतं."

"कुठल्या सहा?"

"मागनं आणलेल्या. भरतायत. बाकीच्यांपेक्षा दीड-दोन ग्रॅम वर हायत. बदललेली अशी भरत न्हाय, ती जरा बारीकच ऱ्हाते. हाताला पण वेगळी लागतात."

मी वजनांचा तक्ता काढला. फरक होता, पण कागदावर बघितला तर तो कशानंही असू शकला असता. मी म्हटलं, "अंकल, हे डोळ्यांनी कसं कळेल? शेपटीची तपासणी करावी लागेल."

"मग करू या. मी तुकडे काढून देतो. आठ दिवसांत येईल."

मला सगळं दिसत होतं. तपासणी करायची तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की सर विचारतील. सर विचारतील की वहीत 'तपासणारा' कोण. मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "बघितलंस का, बाय?" मी म्हटलं, सरांशी बोलते. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. तेव्हा मी जरा चिडून म्हटलं, "अंकल, मी आहे ना." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. त्यांचं डोक्यातलं त्यांनी साहेबाला सांगून झालं होतं, आणि साहेब मी होते. दर आठवड्याला ते त्या सहा माद्यांचं वजन चोख लिहीत राहिले. एवढंच त्यांच्या हाताला लागत होतं.

मीही तो तक्ता दर आठवड्याला बघत होते. आज त्याचंच जास्त वाटतं. एका दिवशी चूक होते, माणूस आहे. पण पुढचे पाच महिने मी रोज सकाळी तीच चूक नव्यानं केली.

सहा महिने संपले. सगळ्या उंदरांना झोपेचा वायू देऊन, उघडून तपासण्याचे ते चार दिवस असतात. पास्कल अंकल त्या दिवसांत कुणाशी बोलत नसत. मुद्दाम कॅन्सर घडवायच्या त्या गटातल्या बाकीच्या नऊ माद्यांच्या पोटात, फुप्फुसात गाठी मिळाल्या. त्या सहांच्यात काहीच नाही. सगळं कसं स्वच्छ. तपासणाऱ्या डॉक्टरांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या शेपटीचे तुकडे तपासणीला पाठवले गेले आणि उत्तर आलं, सहाही साध्या.

सरांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. सर, गुणवत्ता विभागाची एक बाई, मी आणि पास्कल अंकल. टेबलावर ती वही उघडी होती.

सर म्हणाले, "पास्कल, पिंजरे तुम्ही आणले?"

"हो सर, मी आणले."

"कुठल्या ओळीतले?"

"मधल्या."

"त्या ओळीत साधे होते. दारावर कागद होता. तुम्हाला कुणी सांगितलं मधल्या ओळीतले घ्यायला?"

अंकलनी वहीकडे बघितलं. "दोन सह्या हायत, सर," ते म्हणाले आणि थांबले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, एकदाच. त्या नजरेत आरोप नव्हता. माझी पाळी आलीय, एवढंच होतं. लॅबमध्ये दोघं मिळून वजन करताना एक जण आकडा वाचतो आणि दुसऱ्यानं तो म्हणायची वाट बघतो, तसं ते थांबले होते.

मी म्हटलं, "मी पिंजऱ्यांवरची कार्डं लावली होती, सर. बरोबर लावली होती."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. नव्या स्टडीची कार्डं मी खरंच बरोबर लावली होती. सर म्हणाले, म्हणजे आणतानाच गडबड झाली. गुणवत्तावाल्या बाईंनी तसं लिहून घेतलं. वजनांचा विषय निघालाच नाही, कारण अंकलनी मला जे सांगितलं होतं ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या नियमानं ते लिहायचं नसतं.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता हे काहीतरी म्हणतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता सगळे उंदीर नवे आणायचे?"

"हो. कंपनी म्हणतेय, सहा चुकीच्या निघाल्या तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवायचा, पुन्हा पहिल्यापासून करा."

"सगळे?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग भिंतीशी ठेवलेल्या स्टुलावर बसले. "मेले ते मेले, बाय. पण कायच सांगून न्हाय मेले."

त्यांना उंदरांच्या खोलीतून काढून पिंजरे धुण्याच्या विभागात टाकलं. सव्वीस वर्षांनी. गरम वाफेचं मशीन, रबरी बूट, भुशाच्या गोण्या. त्यांनी ते काम चार महिने केलं, तसंच नीट केलं आणि मग राजीनामा दिला. निरोपाला सरांनी शाल दिली. तपासणीवाल्या बाईंची ती जुनी गोष्ट मात्र त्या दिवशी सांगितली नाही.

माझी दुसरी स्टडी व्यवस्थित झाली. औषध सुरक्षित निघालं, बाजारात आलं. मला बढती मिळाली. नव्या मुलांना आता मी शिकवायचे, तळवे गरम करा, दोन श्वास थांबा. हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, इथे पूर्वी एक जण होते.

त्यानंतर चार वर्षांनी मी लॅबला एक पत्र लिहिलं. तेव्हाच का, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. मी दुसऱ्या नोकरीत निघाले होते; आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं, हेच खरं कारण असणार. दीड पानात मी सगळं लिहिलं: यादी, दारावरचा न वाचलेला कागद, जुनी कार्डं, आणि पास्कल अंकलनी मला वजनांबद्दल सांगितलं होतं ते. जुने सर निवृत्त झाले होते. नव्या सरांनी ते वाचलं, म्हणाले, "एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय?" मी म्हटलं, फाइलला लावा. ते म्हणाले, ठीक आहे, सही करून द्या.

द्यायच्या आधी एका रविवारी दुपारी ते घेऊन मी पालीला गेले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवून ठेवली. अंकल ओट्यावर बसले होते, बारीक झाले होते. "ये बाय," म्हणाले आणि खुर्ची पुढे केली. आत भांड्यांचा आवाज येत होता. रिटा काकी आहेत हे कळत होतं. त्या बाहेर आल्या नाहीत.

मी म्हटलं, "अंकल, ते सहा पिंजरे मीच दाखवले होते."

"मना ठावं हाय," ते म्हणाले. "मी तिथंच होतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ते तुझं बोलायचं होतं."

मग तेच म्हणाले, "गावात लोक म्हणाले, पास्कूनं उंदीर पळवले, विकले. बाजारात रिटाला पण ऐकवलं एकीनं. ती रागावलीय. मी तिला सांगितलं व्हतं, बाय येईल, सांगेल. पहिलं वर्षभर ती विचारायची, आली का तुझी बाय."

मी पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा आणला आणि एकेका ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. दीड पान वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मी वाट बघत होते की वाचून झाल्यावर ते माझ्याकडे बघतील, आणि मग जे काही म्हणायचं ते म्हणतील. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हे चुकलंय."

"काय?"

"चौथ्या आठवड्यात लिहिलंयस. मी तिसऱ्या आठवड्यात सांगितलं."

मी म्हटलं, असेल, मला आठवत नाही. खरं म्हणजे मला आठवत होतं. लिहिताना हातानं स्वतःलाच एक आठवडा कधी देऊन टाकला, ते मात्र कळलं नव्हतं.

त्यांनी आतून पेन आणलं. 'चौथ्या' या शब्दावर एकच सरळ रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी, आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तिसऱ्या'. मग पेन मला दिलं.

"सही कर बाजूला. आजची तारीख टाक."

मी केली. त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, कागद घडी घालून माझ्या हातात दिला. "दुसरा लिहू नको. हाच लाव फाइलला."

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. मी ते विचारलंही नाही. निघताना त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "रिटा, बाय निघाली." आतला भांड्यांचा आवाज थांबला. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही.

गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ते माझ्याबरोबर आले. रिक्षा सुरू झाल्यावर मी बाहेर वाकून मागं पाहिलं. समोरून एक स्कूटर येत होती, तिला वाट द्यायला ते भिंतीला पाठ लावून उभे होते. स्कूटर निघून गेली तरी ते हलले नव्हते. ते घराच्या दाराकडे बघत होते.